डोळे शेवटी लावायचे

७ सप्टेंबर, शनिवार

एक तास मिळाला होता. नुसता बसून घालवला!

भेटीची खोली न्यायालयाच्या मागच्या इमारतीत आहे. पिवळ्या भिंती, बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या. मी त्या खुर्चीत बसलो तर गुडघे कानाला लागले. कोपऱ्यात चष्मेवाल्या बाई. त्या समुपदेशक, म्हणजे आम्हा तिघांवर नजर ठेवणार. मोठी मुलगी समोर बसली ती पाहुण्यांपुढे बसतात तशी, हात मांडीवर ठेवून. गुंड्या तिच्या पाठीमागे लपलेला. तीन वर्षांचं पोर काही महिन्यांत बापाला विसरतं? विसरतं. आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मी मोटार आणली होती, चावीवर चालणारी. बाईंनी काढून घेतली. भेटवस्तू चालत नाहीत म्हणे. "कागद आहेत, रंग आहेत, गोंद आहे. मुलांबरोबर काहीतरी करा की!" काहीतरी म्हणजे काय करू, डोंबल? मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अडकलेल्या लोकांना बाहेर काढतो. कागदाची होडीसुद्धा मला येत नाही.

खाली फाटकापाशी त्यांची आई उभी होती. गुंड्या पायऱ्या उतरताना पडता पडता वाचला, इतकी घाई.

९ सप्टेंबर, सोमवार

वकिलाकडे जाऊन आलो. तेच पुराण. मुलांच्या आईला दूरच्या शहरात नोकरी लागली आहे, आगगाडीने रात्रभराचं अंतर. मुलांना घेऊन जायचं म्हणते. मी हरकत घेतली. निकाल लागेपर्यंत मला शनिवारचा हा एक तास. वकील म्हणाला, "मुलं तुमच्याशी रमतात एवढं दिसू दे. मग ती जाते तर जाऊ दे, मुलं इथंच राहतील. बाकी माझ्यावर सोडा."

रमतात एवढं दिसू दे! जसं काही बटण दाबलं की दरवाजा उघडतो.

मुलं गेली तर मी संपलो. एवढं सरळ आहे. घरी आल्यावर कुलूप उघडायचा कंटाळा येतो, म्हणून कामावर जादा पाळी मागून घेतो. तिकडे गेल्यावर वर्षातून एकदा मला भेटतील आणि 'हे कोण काका' म्हणतील.

१० सप्टेंबर, मंगळवार

ताईकडे गेलो. ताई बालवाडीत शिकवते, गेली कित्येक वर्षं पोरांकडून कागदाची जनावरं करून घेते. माझे हात बघून म्हणाली, "आधी ते वंगण धू. हत्ती काळाच करायचा असेल तर गोष्ट वेगळी."

जाड कागद मधून दुमडायचा. घडी वर, ती पाठ. खालून अर्धगोल कापून काढला की चार पाय तयार. सोंडेला कागदाची पट्टी पेन्सिलीला गुंडाळायची, सोडली की वळलेली राहते. कान वेगळे चिकटवायचे. डोळे तयार मिळतात, पाकिटात. मागचा कागद सोलून चिकटवायचे. आतली बुबुळं हलतात. मी सगळ्यात आधी डोळेच लावायला गेलो तर ताईने हातावर चापट मारली.

"डोळे शेवटी लावायचे! आधी लावलेस तर पोरं त्याच्याशी खेळायला लागतात. मग पाय कोण कापणार? डोळे लागले की काम संपलं, हे पोरांनाही कळतं."

माझा हत्ती उभा राहिला. तिरका, पण राहिला. ताई म्हणाली, "तुझ्यासारखाच दिसतो. फुगलेला." हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन.

१४ सप्टेंबर, शनिवार

जमलं! मोठीने कान रंगवले, एक गुलाबी, एक हिरवा. "हत्तीचे कान असे नसतात" म्हटलं तर म्हणाली, "याचे असतात." गुंड्या आधी लांबून बघत होता. सोंड पेन्सिलीवरून सुटून गुंडाळी झाली तेव्हा खुदकन हसला. मग माझ्या मांडीला टेकून उभा राहिला. टेकून! मी हललोसुद्धा नाही, पाय बधिर झाला तरी.

बाई म्हणाल्या, पाच मिनिटं उरली. मी म्हटलं, चला, डोळे लावून टाकू! गुंड्याने एक लावला, मोठीने एक. मग मी निघालो. खोलीतल्या वस्तू खोलीतच ठेवायच्या असा नियम आहे, म्हणून हत्ती खिडकीत उभा केला.

१५ सप्टेंबर, रविवार

काही नाही. शनिवारची वाट बघतोय.

२१ सप्टेंबर, शनिवार

ससा केला. छान झाला होता, मिशांसकट. शेवटी मी डोळे लावले आणि गुंड्याने ओरबाडून काढले. पुन्हा लावले, पुन्हा काढले. तिसऱ्यांदा सशाचं तोंडच फाडलं आणि भोकाड पसरलं. मी जवळ घ्यायला गेलो तर मला लाथ मारली. मोठी खाली बघत बसून राहिली.

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. काय लिहिलं असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

२८ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस आयुष्यातून काढून टाकता आला तर बरं.

मांजर करत होतो. सगळं सुरळीत. गुंड्या शेपटीला गोंद लावत होता, नाकाला लागला म्हणून हसत होता. बाई म्हणाल्या, पाच मिनिटं. मी खिशातून पाकीट काढलं मात्र, पोरगं पिसाळलं. पाकीट हिसकावून भिरकावलं. डोळे सगळ्या फरशीवर. वर मोठीही त्याच्याच बाजूने. डोळे गोळा करायला सांगितलं तर हाताची घडी घालून उभी!

मनात आलं, हे घरून शिकवलेलं आहे. बाबाचं काही पुरं होऊ देऊ नका, असं सांगून पाठवत असणार. डोक्यात तेच घेऊन पायऱ्या उतरलो. फाटकापाशी त्यांच्या आईला नको ते बोललो. मुलांसमोर. ती एवढंच म्हणाली, "तुला खरंच असं वाटतं?" मी म्हटलं, वाटतं. तिने मुलांचे हात धरले आणि गेली. मोठीने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

चष्मेवाल्या बाई वरच्या खिडकीत उभ्या होत्या. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

३० सप्टेंबर, सोमवार

वकील भडकला. "फाटकापाशी तमाशा कोणी सांगितला होता? अजून एकदा असं झालं तर हा तासही जाईल!" चूक माझीच.

दुपारी एका इमारतीत आजीबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. दार उघडेपर्यंत मी बाहेरून त्यांच्याशी बोलत राहिलो, घाबरू नका, मी इथेच आहे, कुठेही जात नाही. परक्या म्हातारीशी मला इतकं नीट बोलता येतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

घरी आल्या आल्या लिहायला बसलोय.

आज कासव. कागदी ताटली पालथी घालायची, तिची पाठ होते. मोठीने पाठीवर चौकोन काढले. गुंड्या माझ्याकडे बघत नव्हता पण पाय कापून दिले ते एकेक करून चिकटवत होता. मी ठरवून टाकलं होतं, आज काहीही झालं तरी आवाज चढवायचा नाही.

पाच मिनिटं, बाई म्हणाल्या. मी टेबलावरच्या पाकिटाकडे हात नेला. गुंड्या पाकिटावर बसला. सरळ बूड टेकून बसला आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी मोठीला विचारलं, अगदी हळू, "याला डोळे आवडत नाहीत का गं?"

"आवडतात."

"मग?"

"डोळे लावले की तू जातोस."

मठ्ठ मुलाला समजावून सांगतात तसं सांगितलं. गुंड्याने मान डोलावली. म्हणजे इतके शनिवार तो मला थांबवत होता! आणि मी त्याच्या आईला काय काय बोललो.

मला तिथेच रडू आलं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि घड्याळाकडे बघायचं टाळलं. तास संपल्यावरही आम्ही बसून होतो. कासव बिनडोळ्यांचं राहिलं. निघताना गुंड्या म्हणाला, "झालं नाही अजून." मी म्हटलं, नाही रे राजा, झालं नाही.

फाटकापाशी तिला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "हं." तेवढंच पुष्कळ.

७ ऑक्टोबर, सोमवार

वकिलाला डोळ्यांची गोष्ट सांगितली. तो खुर्चीतून उठलाच! "अहो, हे सोनं आहे सोनं! बाईंनी ऐकलंय ना? मग त्याच सांगतील." लगेच अर्ज लिहायला घेतला. एक तास पुरत नाही, पूर्ण दिवस द्या, वडिलांच्या घरी द्या.

पोराने माझ्यासाठी केलेली गोष्ट, ती मी टेबलावर मांडली आणि वकिलाने उचलून नेली. चांगलं वाटलं नाही. पण थांबवलंही नाही. मला मुलं हवी आहेत.

१२ ऑक्टोबर, शनिवार

पाणघोडा. डोळ्यांचं पाकीट घरीच ठेवून गेलो. गुंड्याने माझे सगळे खिसे तपासले, मग खूश.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मिळाला! या रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत मुलं माझ्या घरी. वकील म्हणतो, हा दिवस नीट गेला की निकाल आपल्या खिशात. बाईंनी चांगलंच सांगितलेलं दिसतं.

घर झाडलं. पंखे पुसले. पलंगाखाली मोजे सापडले, माझेच, कुठल्या काळातले कोण जाणे. दोन छोट्या ताटल्या आणल्या, दोन छोटे पेले. ताईने रंगीत कागदांचा गठ्ठा दिला. दुकानात गेलो होतो तेव्हा डोळ्यांचं मोठं पाकीट दिसलं, तेही घेतलं. आता काय भीती! उद्याचा शनिवार रद्द करून टाकला तरी चालेल असं वाटतंय.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी ती दारापर्यंत आली. आत आली नाही. पिशवी दिली. "दुपारी झोपेल तो. पण चादरीचं टोक कानाला लावावं लागतं, नाहीतर झोपत नाही. आणि मोठीला भूक लागली तरी ती सांगत नाही, विचारावं लागतं." मला यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, माहीत आहे.

दुपारपर्यंत दृष्ट लागावी असं. सगळ्या फरशीवर कागद. जिराफ, मगर, एक घोडा तो नंतर कुत्रा झाला. मी जाहीर केलं, आज डोळे नाहीत! आज कुठे जायचंच नाही! मोठी हसली. गुंड्या मगरीची शेपटी चिकटवत राहिला. जेवले. चादरीचं टोक कानाला लावलं, झोपला.

उठला आणि सगळ्या खोल्यांतून फिरून आला. "आई?" म्हटलं, रात्री येणार. तो दारापाशी पायपुसण्यावर जाऊन बसला. घोडा झालो, लिफ्ट झालो, खांद्यावर घेऊन वर-खाली केलं. हसला आणि पुन्हा तिथेच जाऊन बसला.

मग उठला, थेट टेबलाकडे गेला आणि डोळ्यांचं पाकीट घेतलं. मला वाटलं, लपवणार. लपवलं नाही. जिराफाला डोळे लावले. मगरीला तीन लावले. मोठी शेजारी बसून मागचे कागद सोलून देत होती, भराभर. कुत्र्याला लावले. दाराकडे बघितलं. दार बंदच. जनावरं संपली तेव्हा पेल्याला लावले, खुर्चीला लावले, माझ्या अवजारांच्या पेटीला लावले. दर वेळी दाराकडे बघायचा. शेवटी माझ्याजवळ आला आणि माझ्या शर्टाच्या खिशावर दोन डोळे दाबून दाबून चिकटवले.

"झालं," म्हणाला. "सगळं झालं."

मला कळलं. तरी मोठीला विचारलं, घरी जायचंय का? ती बराच वेळ बोटाचा गोंद काढत बसली. मग म्हणाली, "तुला राग येईल का?"

नाही गं, म्हटलं. राग कसला!

अजून उजेड होता. तिला फोन केला. ती आली तोवर मी दोघांना बूट घालून बसवलं होतं. तिला बघून गुंड्या जो काही पळाला! ती घाबरलेली. "काय झालं? आजारी आहे का?" म्हटलं, काही नाही. लवकर आटपलं. तिने माझ्या शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

माझ्यावर त्यांची माया आहे. खोटी नाही, ती मी पाहिली आहे. पण भेटीचा तास वाढवून हवा असणं वेगळं आणि राहायला येणं वेगळं. त्यांचं घर म्हणजे ती. मग ते रात्रभराच्या अंतरावर का असेना.

२१ ऑक्टोबर, सोमवार

वकिलाला फोन केला. हरकत मागे घ्या म्हटलं, मुलांना तिच्याबरोबर जाऊ दे. तो ओरडला, "अहो, वेड लागलंय का? आता तर आपण जिंकणार!"

म्हटलं, हो. म्हणून तर आजच सांगतोय.