पहिला दात

त्रोंडहाइम, ९ मार्च

प्रिय बाबा,

आम्ही सुखरूप पोचलो. वाटेत बर्फामुळे एक रात्र थांबावं लागलं, पण नीलास सगळा वेळ झोपला. तुमच्याकडे उणे दहा अंशांत कातड्यात गुंडाळून घराबाहेर झोपायची त्याला सवय लागली. आता इथे आत ठेवला की रडतो. हाल्वोर म्हणतो, "पोरगा सहा दिवसांत तुमच्याकडचा झाला."

तुम्ही दिलेलं मांस पुरवून खातोय.

त्या दिवशीचं आठवतं. नीलास तुमच्या मांडीवर होता. तुम्ही त्याच्या तोंडात बोट घातलंत आणि ओरडलात, "काय रे पाहुण्या, हत्यार लपवून आलास?" आयलूदादा हसून म्हणाला, "फसलात बाबा! ज्याला पहिला दात दिसला, त्याने बाळाला रेनडिअरची मादी द्यायची." तुम्ही म्हणालात, "देईन. तुला तुझ्या मामाने लंगडी दिली होती, तशी नाही देणार."

दहा वर्षांत तुम्ही माझ्यासमोर हसलात ते तेव्हाच.

बाबा, तो दात मी आधी पाहिला होता. इथून तुमच्याकडे निघायच्या आदल्या दिवशी चमचा दातावर वाजला. हाल्वोरला म्हटलं, "तू काही ऐकलं नाहीस." तुमच्याकडे आत्या त्याला घ्यायला आली की, झोपलाय म्हणायचे. तुमच्या मांडीवर मात्र रोज द्यायचे. पाच दिवस तुम्हाला दिसला नाही. सहाव्या दिवशी मीच त्याला हसवलं.

नियमाने मादी मी द्यायला हवी होती. माझ्याकडे एकही रेनडिअर नाही. शिकायला निघताना सगळी कत्तलीला विकली, तुम्हाला न विचारता. तुम्ही म्हणालात, जनावरांच्या कानांवरची तुझी खूण मिटली. आणि बोलणं थांबवलंत. त्याबद्दल मी कधी काही लिहिलं नाही. आताही नीट जमत नाहीये.

पण तुम्ही खुणेसाठी नीलासच्या मादीचे कान कापलेत तेव्हा मी कुंपणाला धरून उभी होते. उजव्या कानाला माझीच खूण केलीत, नीलाससाठी खाली एक खाच जास्त. आयलूदादाला ती ओळखू आली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

हे कळल्यावर मादी परत तुमच्या कळपात घ्यावीशी वाटली, तर घ्या. नीलासला मी सांगेन, चूक आईची होती.

नाही घेतलीत, तर उन्हाळ्यात पाडसांना खुणा करायला आम्ही येतो. तिला पाडस झालं, तर त्याचे कान मला कापू द्या. खुणा करायचा माझा जुना चाकू तुम्ही ठेवला असेल, तर तसं कळवा. मी दुसरा घेणार नाही.

तुमची,
रिस्टेन