पोर्च घराण्यातली घरची माणसे

मी होरेस विल्यम पोर्च, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार नेदर कॉम, सॉमरसेट, कानाने मंद पण डोक्याने ठणठणीत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. याआधी लिहिलेले सर्व रद्द समजावे.

१. राहते घर, मागची सफरचंदाची बाग व शिल्लक पुंजी माझी मुलगी लिनेट हिला मिळावी. झुडपांची कुंपणे विणायचे माझे कोयतेही तिलाच. तिचा हात माझ्याहून साफ आहे, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. कौतुकाच्या बाबतीत आम्ही पोर्च कंजूषच.

२. चुलतभाऊ सेड्रिक याने नाताळात भेट दिलेली घराण्याची ढाल त्याला सन्मानाने परत करावी. तिच्यावर किल्ल्याचा दरवाजा आहे. पोर्च म्हणजे किल्ल्याचे द्वारपाल सरदार, हा त्याचा शोध. आमचा पूर्वज जोनास पोर्च याच्या लग्नाच्या नोंदीपर्यंत तो पोचला आणि त्यामागचा सरदार त्याने मनानेच जोडला. उचलली जीभ लावली टाळ्याला!

माझी पत्नी मेव्हिस हिच्या दफनानंतर फोटो काढताना तो लिनेटला म्हणाला, "तू जरा बाजूला हो गं. हा घरच्यांचा आहे." ती दोन वर्षांची असताना आम्ही तिला दत्तक आणले, एवढाच तिचा गुन्हा. "असू दे बाबा, मी चहाचं बघते," म्हणाली पोर. मला ते फार लागले.

३. म्हणून मीच चर्चची जुनी दप्तरे चाळायला बसलो. १६८३ सालच्या बाप्तिस्म्यांत सापडले: "चर्चच्या पोर्चात मिळालेला मुलगा. नाव जोनास पोर्च. विधवा अ‍ॅग्नेस हिने सांभाळावयास नेला." बेवारस बाळ जिथे मिळे, तेच त्याचे आडनाव करायची तेव्हाच्या पाद्र्यांची रीत होती. सेड्रिकला दाखवले, तर म्हणाला, "गप बस, होरेस! गावात नाक कापलं जाईल."

माझे मात्र डोळे भरून आले. त्या बाईने त्याला उचलले नसते, तर ना मी असतो, ना सेड्रिक.

४. वंशावळीत मेव्हिस व माझ्याखाली लिनेटचे नाव शाईने लिहावे. शेजारी 'दत्तक' लिहू नये. लिहायचेच असेल, तर तो शब्द सर्वांत वर, जोनासपुढे लिहावा.

५. शवपेटीमागे आधी घरची माणसे चालतात. लिनेट, पोरी, सवयीने तू मागे राहशील. राहू नकोस. सेड्रिक तुझ्यामागून येईल.

सही: होरेस विल्यम पोर्च
नेदर कॉम, ४ ऑक्टोबर १९९१

आम्हा दोघांसमक्ष सही केली.
साक्षीदार: डोरकस विन, चर्चची घंटा वाजवणारी
साक्षीदार: अ‍ॅम्ब्रोज टकर, खाटीक