उपाशीपोटी कमावलेली ताकद

१४ मार्च, सकाळ
...आणि मग घरधनी मोहाच्या झाडाखालचा पाला झाडायला निघत आणि मी आंबील ढवळत राही. कोंबड्या सोडायच्या, पाण्याचे गुंड भरायचे, आंगण सारवायचं. गेल्या वर्षीची एक सकाळ. काही विशेष नव्हतं. त्यांच्या पायाची जखम तेव्हा चिंचोक्याएवढी होती. ते म्हणाले, काटा असेल. पावसाळ्यात गेले. शुगर.

आता शुगर मलाही आहे. आणि झाड माझं आहे. जंगल सरकारचं, पण ज्या घरचं माणूस मोहाखाली झाडतं आणि फुलं वेचतं, त्या घरचं ते झाड, असा आमच्या गावचा कायदा. एक हंगाम झाडाखाली गेलं नाही की दुसरा माणूस येतो. दुसरा कोण, ते मला माहीत आहे. रामाजी, धाकटा दीर. परवा म्हणाला, वैनी, तुमाले होत नाई आता, यंदा मी वेचतो ना. तोंडावर!

ठरलं. यंदा एकटी वेचणार. भरली टोपली एकटी उचलणार. त्यासाठी मसल पाहिजे.

१६ मार्च
निशाला विचारलं. ती गावची आशाताई. म्हणाली, मसल वाढलं की ते शुगर खाते, चांगलंच आहे मावशी. इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण पुढे सुरू: गोळी घेतली की जेवायचं. खाऊन मग व्यायाम. हलक्या वजनापासून. श्वास रोखायचा नाही. घाम सुटला, हात थरथरले तर शुगर खाली गेली समजायचं, बसायचं, लगेच साखर खायची.

शुगरवालीला साखर खा म्हणते! पोरीचा कोर्स अर्धाच झालेला दिसतो.

मी शाळेत गेले नाही. पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकले, त्यामुळे विचार करायची सवय आहे. मसलला बाहेरून काही मिळालंच नाही तर ते आतली साठलेली शुगर खाईल. सरळ आहे. सकाळी गोळी घ्यायची. भाकर नाही.

१९ मार्च
वरवंटा डोक्यावर. मग तांदळाची थैली. श्वास रोखला की जास्त उचलता येतं. मोबाइलमधला जिमवाला पोरगाही गाल फुगवतो. डोळ्यांपुढे काजवे चमकले. सुरुवात चांगली.

२२ मार्च
खूप घाम. लुगडं ओलं. शुगर बाहेर पडते आहे, दुसरं काय. हात थरथरले. नवीन मसल जागेवर बसताना थोडं हलणारच.

निशानं बोट टोचून मोजली. ७४. मी म्हटलं, बघ! ती खूश नाही. मावशी, खाल्लं काय तुम्ही? हो म्हटलं. काल खाल्लं होतं.

२६ मार्च
मोहा पडायला लागला. उजाडायच्या आत गेले. वनरक्षक सांगून गेला आहे की अस्वलं मोह्यावर येतात, एकटं जाऊ नका. एकटं नाही गेलं तर एकटीनं वेचलं असं कसं म्हणता येईल?

रामाजीचं झाड नाल्यापलीकडे. तरी हा माझ्या बाजूला बसून डबा बडवत होता. माझं चित्त उडावं म्हणून. ओरडले. म्हणाला, वैनी, अस्वल तुमचं मसल पाहून पळत नाई, त्याले आवाज लागते. वाटेवरच्या बाया हसल्या. हसा.

टोपली अर्धी. दोनदा खाली ठेवली. उद्यापासून पूर्ण.

२९ मार्च
रामाजी मागे मागे येतो. मी थांबले की थांबतो. विचारलं, काऊन मागं लागला रे? म्हणे, मी माझ्या वाटेनं चाल्लो. कुठली वाट? झाडावर डोळा आहे.

निशानं साखरेची पुडी पदराला बांधून दिली. घरी येऊन सोडली, डब्यात टाकली. जवळ असली की खावीशी वाटते.

चिडचिड फार होते. रामाजीमुळेच.

२ एप्रिल, दुपार. निशाच्या ओसरीवर
अक्षर वाकडं येतं आहे.

काल संध्याकाळीही जेवले नव्हते. मसलला आणखी थोडं आतलं खाऊ द्यावं म्हणून. आज गोळी घेऊन गेले. टोपली काठोकाठ भरली. उचलली. कमरेपर्यंत आली. मग झाड एकाचे दोन झाले. वाटलं, बरं झालं, एक रामाजीला देता येईल.

बसले. घाम थंडगार. घर कोणत्या बाजूला ते आठवेना. समोर झुडपात काळं काहीतरी हललं. रामाजीला हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांचं नाव निघालं. लग्न झाल्यापासून कधी घेतलं नव्हतं. आज आख्ख्या जंगलानं ऐकलं.

डबा वाजला. जोरात. काळं ते निघून गेलं. रामाजी धावत आला, मूठभर मोहा उचलून त्याचा गोड रस माझ्या तोंडाशी पिळायला लागला. मी दात मिटले. अजून मोह्याचा पंडुम झाला नाही. ती पूजा होईपर्यंत आमच्यात वेचतात, पण नवा मोहा तोंडात घालत नाहीत. रामाजी ओरडला, वैनी, उघडा तोंड! देवाले मी सांगीन. दादाले काय सांगू?

उघडलं.

हळूहळू झाड एकच राहिलं. निशा पळत आली, मोजलं. मोहा पोटात जाऊनही ५८. ती रडत रडत रागावली. घामातून शुगर निघत नाई मावशी, असा जीव निघते!

रामाजी पुजाऱ्याला स्वतः सांगून आला. पुजारी म्हणाला म्हणे, देवाले समजते, नीलाबाईले काऊन समजत नाई?

मी रामाजीला स्पष्ट विचारलं, तुला झाड पाहिजे ना? तो म्हणाला, झाड पाहिजे असतं तं डबा काऊन बडवला असता वैनी? अस्वलालेच काम करू दिलं असतं.

मी त्याला शेजारी बस म्हटलं. अशक्तपणा असेल.

टोपली कमरेपर्यंत आली होती, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून इथे लिहिते.

५ एप्रिल
परवा निशा अहेरीला डॉक्टरकडे घेऊन गेली. उपाशीपोटी गोळी घेत होते ते सांगितलं. सगळंच सांगितलं. त्यांनी गोळी कमी केली. व्यायाम बंद करू नका म्हणाले, पण खाऊन, मोजून, कोणीतरी सोबत असताना. वजन किती उचलता, विचारलं. टोपली म्हटलं. त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

मोहा रामाजी वेचून माझ्या आंगणात आणून टाकतो. मी वाळवते.

काल मी भाकर आणि वरण खाल्लं, निशाला समोर बसवलं आणि श्वास न रोखता बाटली उचलली.