मागच्या दाराची किल्ली आणि माझी सही

ताई,

तुला वाकून नमस्कार, भाऊजींना उभ्यानेच (कंबर धरलीय). तुझा गुडघा काय म्हणतो? छकुली मजेत आहे, दोन दात आलेत आणि दोन्ही माझ्या खांद्यावरच वापरते. मी मात्र भिऊन अर्धी झालेय, कारण तुझी बहीण कंपनीची डायरेक्टर झालीय. हसू नकोस. तुरुंगात तान्हं लेकरू सोबत नेऊ देतात का, ते आधी कळव.

झालं असं. आमची खोक्यांची कंपनी तुला माहीतच आहे. तिच्या मीटिंगला बसणारे सगळे मालकांच्या घरचेच: मालक, मालकीणबाई, दोन मेहुणे आणि एक काका, ज्यांना ऐकू येत नाही (म्हणून त्यांचं सगळ्यांशी पटतं). पण कायद्याने एक बाई नात्याबाहेरची लागते, असं सेक्रेटरींनी सांगितलं. हे गृहस्थ कायद्याचं कलम काढल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, आम्ही त्यांना कलमरावच म्हणतो. मालकांनी मान वळवली, तर दारात मी, चहाचा ट्रे घेऊन. नोकर माणूस चालत नाही म्हणे, म्हणून मीटिंगपुरतं मला नोकर म्हणायचं नाही असं ठरलं. मग चहा कोण देणार? तो मीच दिला, पण देऊन झाल्यावर खुर्चीत बसले. काम एवढंच की सगळ्यांनी हात वर केला की आपणही करायचा. मी घाबरून दोन्ही केले. मांडीवरच्या छकुलीनेही केला, पण तिचा कलमरावांनी धरला नाही. वर हसत हसत सांगितलं, खोट्या कागदावर सही केली तर सही करणारा आत जातो.

परवा बघते तर मीटिंग आधीच लिहून तयार! अजून बिस्किटाचा पुडा फोडला नव्हता आणि कागदावर दोन तास चर्चा होऊन एकमतसुद्धा झालेलं. मी बोट ठेवून वाचत होते (चौथीपर्यंतची शाळा, माझी गाडी हळूच चालते), बाकीचे घड्याळाकडे बघत होते. तिसऱ्या ओळीत आलं: आग लागली तर बाहेर पडायचं मागचं दार सर्वांनी पाहिलं, ते उघडतं. ताई, तिथे मी रोज झाडते. दाराला कुलूप आहे आणि पुढे छतापर्यंत खोकी. आणि त्याच खोलीत, त्या खोक्यांच्या आड, छकुली झोपते गं.

मी म्हटलं, आधी त्या दाराने बाहेर जाऊन येऊ, मग सही करते. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, दार काय पळून जातंय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दार नाही बाई, पळायचं आपल्याला असतं." मी कप ठेवून मागच्या खोलीकडे निघाले. काकांना वाटलं मीटिंग संपली, ते उठून माझ्यामागे निघाले, आणि मोठं माणूस उठलं म्हणून मागोमाग सगळेच. तिथे मालकांनी ऐटीत एक खोकं ओढलं. नेमकं सगळ्यात खालचं (छकुलीला मी आधीच खांद्यावर घेतलं होतं). दोन्ही मेहुणे सापडायला जरा वेळ लागला. किल्ली कुणालाच माहीत नाही; शेवटी मालकीणबाईंच्या जुडग्यातच निघाली, तीन वर्षं त्या ती माळ्याची समजत होत्या. दार उघडलं, वारा आत आला, छकुली जागी झाली. मालकांनी किल्ली माझ्या हातात आपटली, "घे, तूच सांभाळ आता."

तुझी भित्री धाकटी

ता. क. आता भीती गेली बरं का. काल मालकांनी बोलावून पहिल्यांदाच "बसा" म्हटलं, स्वतः पाणी दिलं आणि एका कागदावर सही मागितली. मला इतकं भरून आलं की न वाचताच केली.

ता. क. पुन्हा. त्याची नक्कल पाठवतेय. तू दहावी झालीस, तूच सांग. 'मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने' इथवर वाचलं आणि पुढचा तुकडा छकुलीने खाल्ला. अशा कागदात पुढे काय असतं गं?

आणि हो, किल्ली कुणी परत मागितलेली नाही. मागितली तरी मी देणार नाही. आज सकाळीही लावून बघितली. दार उघडतं.