गिऱ्हाइकाचा शर्ट

प्रिय बटणताई,

अशी हाक मारली म्हणून रागावू नकोस. गिऱ्हाइकांना नावाने ओळखायची आमच्या लाँड्रीची रीतच नाही, हे एव्हाना तुला ठाऊक आहे. पडदेवाल्या काकू, कोटवाले आजोबा, तसे तुम्ही बटणवाले. साहेबांच्या शर्टाची बटणं तू इतक्या जाड दोऱ्याने शिवतेस, की शर्ट फाटेल पण बटण निघणार नाही. आमचा धाकटा भाऊ इस्त्री करताना म्हणायचा, या बाईंचा नवऱ्यावर फार जीव असणार, नाहीतर फार राग तरी असणार. तुझी आणि माझी ओळख नव्हती तेव्हापासून तू आमच्या घरात बटणताईच आहेस.

फोन करता आला असता. पण फोन लागला की तू आधी आईची चौकशी करतेस, मग मी तिच्या औषधांचं पुराण लावते, मग साहेब मागून काहीतरी ओरडतात, आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय, आई आत पडली आहे, आणि इस्त्रीच्या टेबलावर लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर खालच्या घोंगडीला दोष दे.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला उपदेश करते. परवा साहेबांनी गाठोडं आणून दिलं त्यातले निम्मे शर्ट धुतलेलेच होते. एकाची तर घडीही मोडलेली नव्हती. आमचा धंदा बसू नये म्हणून स्वच्छ कपडे धुवायला देणारा माणूस आईने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ती म्हणाली, भला आहे बिचारा, पण त्याला चोरून काही करता येत नाही. मी नुसती इस्त्री फिरवून ठेवले आहेत. आम्हाला हे कळलंय असं मात्र त्यांना दाखवू नकोस, हिरमुसतील.

आता पुढचं लिहिते ते तुला सगळं माहीत आहे. तरी लिहू दे. वकीलबाई म्हणाल्या, कोर्टात सांगायचं ते आधी एकदा सलग लिहून काढा, म्हणजे तिथे जीभ अडखळत नाही. कुणाला लिहू, असा विचार केला तर तुझ्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांपुढे येईना.

धाकट्याला सगळी गल्ली नवाब म्हणायची. सुट्टीच्या दिवशी तो गिऱ्हाइकांच्या कपड्यांतला एखादा झकास शर्ट अंगात घालायचा आणि फिरायला जायचा. परत आल्यावर स्वतःच्या हाताने पुन्हा धुऊन, कडक इस्त्री करून ठेवायचा. बाबा होते तोवर यावरून दर वेळी कटकट व्हायची. तो म्हणायचा, अंगात घातल्याशिवाय इस्त्री नीट बसली की नाही ते कळणार कसं? आणि गंमत बघ, हाच मुलगा बाबांच्या एका नियमाला मात्र देवासारखा मानायचा. गिऱ्हाइकाच्या खिशात जे काही सापडेल ते बाजूला काढायचं आणि इस्त्री झाली की त्याच खिशात परत ठेवायचं. मग ते नाणं असो, तिकीट असो, नाहीतर चुरगळलेला कागद. त्या दिवशी त्याने साहेबांचा राखाडी पट्ट्यांचा शर्ट चढवला. खिशात साहेबांचं वाचनालयाचं कार्ड होतं. मी म्हटलं, अरे, ते तरी काढून ठेव. तर मलाच सुनावतो कसा, गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाच्या खिशातच राहणार. दुसऱ्याचा शर्ट घालण्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं, पण त्यातलं कार्ड काढणं म्हणजे बेइमानी! कालव्याच्या पुलाकडे चक्कर मारून येतो म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो परतला नाही, तेव्हा आई आणि मी चौकीत गेलो. अंमलदाराने विचारलं, लग्न झालंय का? नाही म्हटल्यावर हसला. मग असेल कुणीतरी, येईल चार दिवसांत, मोठा माणूस आहे, कुकुलं बाळ नाही. आई हट्टाला पेटली तेव्हा कुठे त्याने पेन उचललं. अंगात काय होतं, विचारलं. मी सांगितलं, पांढरा शर्ट, राखाडी पट्टे, गिऱ्हाइकाचा. तो म्हणाला, म्हणजे गिऱ्हाइकाचे कपडे घेऊन पळाला म्हणा की. सगळी चौकी हसली. आणि लिहिलं काय, तर साधा शर्ट. पट्टे नाहीत, रंग नाही, कार्डाचं तर त्याने ऐकूनच घेतलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आईने दिलेला फोटो त्याच्या चहाच्या कपाखाली होता. आईने तो उचलला, पदराने पुसला आणि परत त्याच्याच हातात दिला. तिच्या जागी मी असते तर घरी घेऊन आले असते.

आणि त्याच दिवसांत कालव्याच्या पलीकडच्या पोलिसांनी तुझं दार वाजवलं. पाण्यात एक माणूस सापडला आहे, खिशात तुमच्या मिस्टरांचं कार्ड आहे, ओळख पटवायला चला. साहेब कामासाठी परगावी, त्यांचा फोन बंद. तू त्या जीपमधून कशी गेली असशील, देव जाणे. तू पाहिलंस आणि म्हणालीस, हे माझे मिस्टर नाहीत. पण शर्ट त्यांचाच आहे, बटण मी शिवलेलं आहे, हा शर्ट लाँड्रीत दिलेला आहे. एवढं धडधडीत तू सांगितलंस, ताई! लाँड्रीत जाऊन कुणी नुसतं विचारलं असतं तरी पुरे होतं. आमचं दुकान तिथून रिक्षाच्या अंतरावर. तर तो हवालदार तुला म्हणाला, बाई, हा तुमचा नवरा नाही ना? मग घरी जा आणि आनंद करा. संध्याकाळी साहेबांचा फोन आला आणि पोलिसांचं काम संपलं. दारूच्या नशेत पाय घसरून बुडाला, ओळख नाही, बेवारस, असं लिहून मोकळे झाले. आमच्या नवाबाला दारूचा वाससुद्धा सहन होत नव्हता. कानामागची जखम तू दाखवलीस, तर म्हणे पाण्यात कुठे आपटलं असेल.

तू तापाने अंथरुणाला खिळलीस. घरचे म्हणाले, अभद्र विषय, पुन्हा काढू नकोस. दुसरी कुणी असती तर खरंच काढला नसता. मी तुझ्या जागी असते तर काढला असता का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण तू अंगात जरा त्राण आल्याबरोबर पावती घेऊन आमच्या दुकानात आलीस आणि विचारलंस, आमचा पट्ट्यांचा शर्ट तुम्ही कुणाला दिलात?

मला वाटलं, भांडायला आलीस! आमच्या धंद्यात शर्टावरून जेवढी भांडणं होतात तेवढी जमिनीवरूनही होत नसतील. माझं ठरलेलं उत्तर तयारच होतं, आमच्याकडे कपडे हरवत नाहीत, उशीर होतो. ते मी म्हटलंही. माझ्या मागे भिंतीवर धाकट्याचा फोटो होता, तिकडे बघत राहिलीस. मग काउंटरची फळी उचलून, कुणाला न विचारता आत आलीस आणि आईचे हात धरलेस. तुझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आधीच आईला कळलं होतं.

तोवर त्याची विल्हेवाट लागून गेली होती. हा शब्द माझा नाही, त्यांचा आहे. त्यांच्या कागदावर असाच लिहिलेला आहे.

त्यानंतर तू जे केलंस, ते सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं. अलीकडची चौकी म्हणायची, प्रेत पलीकडच्या हद्दीत सापडलं, तिकडे जा. पलीकडची म्हणायची, तक्रार अलीकडे आहे, तिकडे जा. हेलपाटे घालून माझ्या चपला झिजल्या आणि तोंडचं पाणी पळालं. तू मात्र एक दिवस टेबलावर हात आपटून तिथल्या फौजदाराला विचारलंस, मग बुडताना त्याने कुठल्या काठाकडे बघायला हवं होतं, तेवढं सांगा. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते आणि इतकी खूशही झाले नव्हते. वकीलबाई तूच शोधलीस, अर्ज तूच लिहून घेतलेस. आई जेवत नव्हती तेव्हा रोज दुपारी येऊन तिच्यासमोर ताट घेऊन बसायचीस आणि म्हणायचीस, तुम्ही खाल्लं नाहीत तर मीही उपाशी, आणि मला पित्त होतं. आई तुझ्या पित्ताच्या भीतीने जेवायला लागली. हे उपकार फेडायचे नसतात, नुसते लक्षात ठेवायचे असतात. मी ठेवले आहेत.

आता चौकशी पुन्हा सुरू करायची की नाही, ते कोर्ट ठरवणार. पोलिसांचे फोटो आहेत त्यात चेहरा धड दिसत नाही, शर्ट त्यांच्या कोठारात म्हणे उंदरांनी खाल्ला, आणि डॉक्टरांच्या कागदावर जखमेची एक ओळसुद्धा नाही. उरलीस तू एकटी. तुझं म्हणणं खरं धरलं तर तपास होईल, नाहीतर पाय घसरला तो घसरलाच. त्याला कुणी मारलं का, की खरंच तोल गेला, मला माहीत नाही. मला फक्त कुणीतरी नीट विचारायला हवं आहे.

साक्षीचं समन्स आल्यापासून तू दुकानात आली नाहीस. साहेब सांगतात, डोकं दुखतं. आई विचारते, माझी लेक का येत नाही? मी तिला काहीबाही सांगते, पण मला कारण कळलंय. एकदा तू रडता रडता म्हणाली होतीस, चादर वर केली आणि हा माझा नवरा नाही हे दिसल्यावर मला इतका आनंद झाला, की मी हसले, तुझ्या भावासमोर उभी राहून हसले. तेव्हा मी काही बोलले नव्हते. आज बोलते. ताई, तू हसलीस आणि तरी तशीच पाठ फिरवून निघून गेली नाहीस. पुन्हा वाकून पाहिलंस. त्याचा कान पाहिलास, जखम पाहिलीस, बटण पाहिलंस. त्या खोलीत तो कुणाचा तरी आहे हे फक्त तुला सुचलं. त्या हसण्याचं ओझं तू वाहू नकोस. आईलाही मी सांगितलंय, तर ती म्हणाली, हसेलच ना, बाईच्या डोक्यावरचा डोंगर उतरला होता.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मी त्याला शेवटचं पाहिलं ते पाठमोरं, दारातून जाताना. आईने तर तेवढंही नाही, ती आत होती. आपल्यापैकी त्याचा चेहरा तू एकटीने पाहिलास. मी तुला कधी विचारलं नाही, कारण माझी हिंमत नव्हती, आणि तू सांगितलं नाहीस, कारण तुला माझी दया आली. पण कोर्टात वकील विचारतील, काय पाहिलं ते सांगा, आणि तुला सगळं सांगावं लागेल, त्या अंमलदारासमोर, त्या हवालदारासमोर, बाकावर बसलेल्या परक्या माणसांसमोर. त्या सगळ्यांच्या आधी आम्हाला सांग. तारखेच्या आदल्या दिवशी राहायलाच ये. मी दुकान बंद ठेवते. आई मध्ये बसेल, तू आणि मी दोन्हीकडे. डोळे मिटलेले होते का, तिथपासून सुरू कर, आणि काहीही गाळू नकोस.

तुझीच,
नवाबाची ताई