चार पुस्तकांवरचा हँडीकॅम

मंगळवार, ९

तिचा निरोप आला — "रविवारी पाच वाजता. फोनवर तू नुसता ओरडतोस. तोंड दिसू दे, मग काय ते ठरवते."

ठरवते म्हणजे? मी कॉलेज सोडलंय, हिला नाही!

आणि तोंड दाखवू कशात? फोन मीच भिंतीवर मारला गेल्या महिन्यात, कॅमेऱ्याची काच गेली. कॉम्प्युटरला कॅमेरा नाही. आईपुढे हात पसरणार नाही म्हणजे नाही.

गुरुवार, ११

माळ्यावर मामाचा जुना हँडीकॅम सापडला. शूटिंगवाल्याकडे नेला. "अरे, हा तुझ्यापेक्षा वयाने मोठा असेल!" — हसला. पण एक डबी दिली, हँडीकॅमची वायर तिच्यातून कॉम्प्युटरला जोडायची. तासभर नुसता निळा पडदा. मग एकदम मी! दाढी वाढलेला, कैद्यासारखा.

पाच मिनिटांत बंद. परत लावला, परत बंद!

शुक्रवार, १२

शूटिंगवाला म्हणाला, "आत टेप आहे ना? मग रिकामा बसला की झोपतो तो. टेप काढ, नाहीतर रेकॉर्डिंग चालू ठेव. आणि डोकं थंड ठेव जरा."

टेपचं झाकण उघडतच नाही. रेकॉर्डिंग चालू ठेवीन. डोक्याचं त्याला काय करायचंय!

शनिवार, १३

दाढी केली. हँडीकॅम कॉलेजच्या चार पुस्तकांवर ठेवला. कशाला तरी उपयोगी पडली!

आईने दारातून विचारलं, "उद्या कोणी येणारे का रे?" म्हटलं, तुला काय करायचंय?

रविवार, १४

संपलं बहुतेक.

आधी छान चाललं होतं. "दाढी केलीस?" — हसलीसुद्धा. मग म्हणाली, "परीक्षेला बसणार आहेस का? हो की नाही, एवढंच सांग." झालं! सरांनी चारचौघांत केलेला अपमान मी पहिल्यापासून सांगायला लागलो. कितव्यांदा कोण जाणे. ती नुसती बघत राहिली. एक शब्द नाही! खुर्चीला लाथ मारली आणि निघालो. नदीपर्यंत चालत गेलो. परत आलो तर पडदा काळा.

सोमवार, १५

फोन नाही.

शुक्रवार, १९

फोन नाही. आईवर डाफरलो — तिचा फोन तुझ्याकडे येऊन गेला आणि तू लपवलंस, असं तर नाही ना? "नाही रे," म्हणाली आणि ताट वाढलं.

या घरात माझ्या बाजूचं कोणी नाही. दिवसभरात जेमतेम दहा-बारा शब्द बोललो असेन. सगळे आईवरच.

शनिवार, २०

तिचा निरोप — "आपण थांबूया. काळजी घे."

असं कसं? त्या दिवशी तोंडातून ब्र काढला नाही आणि आता हे! टेपवर आहे सगळं. पुरावा आहे माझ्याकडे! उद्या बघतोच.

रविवार, २१

पाहिली. मी निघून गेल्यावरही टेप फिरतच होती. नुसती भिंत दिसते. मग आई येते. पडलेली खुर्ची सरळ करते, बसते.

"काही खाल्लंस का गं?"

कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून तिचा आवाज, बारीक — "काकू, मी रागावले नाहीये. दमलेय."

आई खुर्ची पुढे ओढते. मग म्हणते, "मग सोड त्याला, पोरी. मला सोडता येत नाही. तुला येतं."