जात्याचा कोपरा

सेलम,
ता. २४ जुलै १९७४

ती. सौ. शालूवहिनीस, आकारामचा शि. सा. न. वि. वि.

मी हिकडं खुशाल हाय, तुमी समदी कशी हायसा ते कळवा. राहीला मुलगा झाला हे तुमचं पत्र भट्टीपाशी वाचलं आन् एकटाच हसत बसलो. हरिबाशेट म्हणाले, तेजाबाचा धूर डोक्यात गेला काय रं तुझ्या. मी म्हटलं, बाप झालो. तर म्हणाले, मग भाता जोरानं वड.

वहिनी, राही बाळाला घेऊन साताऱ्यासनं यायच्या आधी एक काम करून घ्या. आपलं घर दोन खोल्यांचं. सोप्यात पावसाची झड येती, म्हंजे बाळ-बाळंतीण सैपाकघरातच निजणार. तिथं भुईवरची चूल, समदा धूर पोराच्या डोळ्यांत. शेटच्या बायकोनं हितं विट्याहून गवंडी आणून ओटा घालून घेतलाय. उभ्यानं भाकरी थापायची, पाट न्हाई, वाकणं न्हाई, धूर वरच्या धुराड्यातनं भायेर. तसाच आपल्यात करायचा. दादाला सांगा, रमजान गवंड्याला बोलवा.

मला आकडे नीट लिवता येत न्हाईत हे तुमाला ठाव हाय. म्हणून पाकिटात सुतळी घातलीय. तिचं टोक भुईला लावा. पहिली गाठ पाण्याच्या कट्ट्याची, दुसरी ओट्याची, तिसरी डब्यांच्या फळीची. आन् कोपऱ्यातलं जातं सोप्यात काढा. आता पीठ गिरणीतनंच येतंय, नुसती जागा अडलीय. तो कोपरा राहीच्या अंथरुणाला.

आदी पेवांवर हमाली केली, मग ट्रकवर क्लीनर झालो, आता सोनं वितळवतो. एका जागी बसवत न्हाई हे खरं. पर ओटा झाला तर बसंन म्हणतो.

आईला दंडवत. लोभ हाय तसाच धरून ठेवा.

तुमचा,
आकाराम

हरिपूर,
ता. ५ ऑगस्ट १९७४

चि. आकारामभावजी यांस, शालूचे अनेक आशीर्वाद.

सुतळी मिळाली. तुमची दुसरी गाठ माझ्या छातीला येते. शेटच्या बायकोचं माप घेऊन धाडलं काय? ती ताडमाड असेल, आम्ही बुटक्या. मी गाठ चार बोटं खाली सरकवली आहे, रागावू नका.

रमजानचाचांनी काम धरलं. पण जातं हलवताना तुमच्या आईंनी, आमच्या आत्याबाईंनी, घर डोक्यावर घेतलं. जात्याला हात लावाल तर मी नदीला जाईन म्हणाल्या. कारण विचारलं तर जात्यावरच बसून राहिल्या. शेवटी त्या देवळात गेल्यावर ह्यांनी जातं काढलं. त्याखाली दगडी चीप निघाली, जात्याएवढीच. चाचांनी थापी मारली तर खालून घागरीसारखा आवाज आला. उंदरांनी पोखरलं असेल म्हणून त्यांनी वरून सारवून घेतलं.

आता नवल ऐका. त्या दिवसापासून त्या कोपऱ्यात आत्याबाईंचा रोजचा दिवा टिकत नाही. वारा नाही, वात नवी, तेल भरपूर. भुईवर ठेवला की ज्योत बारीक होते आणि कुणी फुंकर घातल्यासारखी जाते. उचलून चुलीपाशी आणला की नीट जळतो. शिवाय ओल्या हळदीचा वास येतो, घरात हळकुंड नसताना. चाचा वाकून फरशी बसवत होते तर त्यांना भोवळ आली. त्यांनी थापी तिथंच टाकली आणि सांगून गेले की भाभी, जागा बरी नव्हे.

आत्याबाई मात्र आता भांडत नाहीत. दुपारी त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसतात आणि लगेच डोळा लागतो. तिथं गोड झोप येते म्हणतात.

नदी चढते आहे. घाट बुडाला. इकडची काळजी करू नका असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

तुमची वहिनी,
शालू

सेलम,
ता. १० ऑगस्ट १९७४

ती. सौ. वहिनीस, आकारामचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. रमजानचाचाला तमाखूनं भोवळ आली आसंल म्हटलं. दुसऱ्यांदा हसू आलं न्हाई.

वहिनी, मी तीन वर्षं पेवांवर हमाली केलीय. पेव म्हंजे जमिनीच्या पोटातली दोन पुरुस खोल घागर, तोंड बारीक, पोट मोठं. हळद भरून तोंड चिपेनं लिंपतात. उघडलं की कुणी लगेच उतरत न्हाई. आदी दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर माणूस बी विझतो. आत वाईट हवा साठती. ती जड आसती, पाण्यावानी तळाला बसती. हितं भट्टीच्या खोलीत बी शेट आदी भुईवर दिवा ठेवून बघतात.

माझे वडील, आबा, व्यापाऱ्याच्या पेवात गुदमरून गेले तवा मी चार वर्षांचा, दादा बी लहान, आमी दोघं मामाकडं होतो. पण आपल्या घरात पेव कुठनं येणार? आपलं चंद्रमौळी घर. म्हणून खुळ्यावानी लिवतोय आसं वाटलं तरी एक करा. माझी सुतळी भिंतीला लावा, दिवा तिसऱ्या गाठीपासनं हळूहळू खाली आणा. कुठल्या गाठीला विझतो ते बघून उलट टपालानं लिवा. तवर राहीला आणू नका. आईला त्या कोपऱ्यात निजू देऊ नका.

ऱ्हाऊन ऱ्हाऊन मला वाटतंय, जात्याखाली चीप कशाला आसंल?

आकाराम

हरिपूर,
ता. १६ ऑगस्ट १९७४

चि. आकारामभावजी, आशीर्वाद.

तुमचं पत्र पुरामुळं कालच मिळालं. आजच केलं. हे माझी चेष्टा करत उभे होते, मग त्यांचीच चेष्टा थांबली. आधी दिवा भुईवर विझायचा, आज पहिल्या गाठीलाच विझला. तीन वेळा. जणू गाठीपाशी कुणी बसलं आहे आणि दिवा आला की विझवतं आहे. मी हात घालून बघितला तर हाताला काही लागलं नाही. थंडसुद्धा नाही.

आत्याबाई बघत होत्या. त्यांना भीती नाही वाटली, हसल्या. म्हणाल्या, ते आलेत. कोण म्हणून विचारलं तर आमच्या ह्यांचं नाव घेऊन म्हणाल्या, नाथाजीचा बाप. रोज थोडं थोडं उठून बसतायत, नातू बघायचाय त्यांना. म्हणून त्यांनी ठरवलं आहे की बाळाला पहिल्या रात्री त्याच कोपऱ्यात निजवायचं, आजोबांच्या मांडीवर. त्यानंतर दिवा विझणार नाही असं त्या सांगतात. मला ते पटलं नाही, पण म्हातारीच्या तोंडावरचं सुख बघून मी बाळाची गोधडी धुवायला काढली.

तुमच्या पेवाचं मी ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आक्या लांब बसून भुतं सोडतोय, घरात पेव असतं तर मला ठाऊक नसतं का? राहीला थांबवा म्हणून लिहिलंत, पण तिच्या वडिलांनी आधीच दिवस ठरवून कळवलं. बुधवारी, २१ तारखेला, संध्याकाळच्या आत ती येते आहे. पुरात मुंगूस घरात शिरतो म्हणून कोंबड्या डालग्याखाली त्याच कोपऱ्यात झाकते, हल्ली सकाळी त्या पेंगतच असतात. राही येईल त्या दिवशी त्या सोप्यात नेईन म्हणजे तिला जागा होईल.

तुम्ही जीवाला घोर लावून घेऊ नका.

शालू

सेलम,
ता. २१ ऑगस्ट १९७४, बुधवार

वहिनी,

तुमचं पत्र आत्ता दुपारी मिळालं. आज बुधवार हाय. भट्टी तशीच सोडून तारघरात पळालो. मराठी तार हितं घेत न्हाईत. मी हिंदीत सांगितलं, बाबूनं विंग्रजीत लिवलं, काय लिवलं ते मला वाचता आलं न्हाई. सैपाकघरात कुणी निजू नका, येवढंच सांगितलंय. बाबूला दोनदा म्हणायला लावलं.

आबा बाळाला मांडीवर घेत न्हाईत, वहिनी. ती हवा हाय. नदी खालनं पेवात शिरतीया आन् वाईट हवेला वर ढकलतीया, म्हणून ती भुईवरनं पहिल्या गाठीपत्तुर आली. भुईवर निजलेलं पोर त्या गाठीच्या खाली ऱ्हातंय. रडणार बी न्हाई. गोड झोप लागंल.

तार आदी पोचंल का सांज आदी हुईल?

आकाराम

हरिपूर,
ता. २४ ऑगस्ट १९७४

चि. आकारामभावजी, शंभर वर्षं जगा, हाच आशीर्वाद.

आधी हे वाचा : बाळ सुखरूप आहे. राही सुखरूप आहे. आता बाकीचं.

राही दिवेलागणीला आली. बाळाला ओवाळलं, आत्याबाईंनी कोपऱ्यात धुतलेली गोधडी अंथरली. इतक्यात तारवाला आला. पाणी रस्त्यावर येत होतं, त्यानं कागद हातात दिला, अंगठा घेतला आणि सायकल वळवली. तार इंग्रजी. इंग्रजी वाचणारे एकटे शाळेचे मास्तर, ते पुरामुळं सांगलीत अडकलेले. आमच्यात तार एकाच कारणाला येते, तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांनी कागद उलटासुलटा केला आणि तुमच्या नावानं हंबरडा फोडला. आळीतल्या बायका जमल्या. राहीचं कुंकू पुसायला एकीनं हात पुढं केला.

आत्याबाईंनी तो हात झटकला. म्हणाल्या, दिवा सांगेल. त्यांनी तुमच्या नावानं वात लावली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली. आकाराम असला तर जळेल म्हणाल्या. भावजी, तो विझला. दुसऱ्यांदा लावला, विझला. तिसऱ्यांदा माझ्या हातानं लावला. तोही विझला. मग आत्याबाई त्या रिकाम्या कोपऱ्याला शिव्या द्यायला लागल्या. मी तुला नातू दाखवणार होते आणि तू माझा पोरगा नेलास, असं म्हणून भिंतीवर कपाळ आपटलं.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. कुणी आत गेलं नाही. सगळी सोप्यात बसलो, बाळ राहीच्या मांडीवर. कोंबड्या सोप्यात न्यायचं मी त्या गडबडीत विसरले.

उजाडताना मास्तर होडीनं आले. त्यांनी तार वाचली, परत वाचली आणि विचारलं की रडताय कशाला, ह्यात तर लिहिलंय स्वयंपाकघरात झोपू नका. राही हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. मी आत जाऊन डालगं उचललं. तिन्ही कोंबड्या बसल्या जागी होत्या, माना पंखात. झोपल्यासारख्या. बाळाच्या गोधडीला चिकटून.

मग आत्याबाई बोलल्या. ती चीप पेवाचीच. आबांनी अंगणात स्वतःच्या दोन पोत्यांसाठी खणलेलं बारकं पेव. ते उतरायला निघाले तेव्हा त्यांनी कंदील मागितला. घरात कंदील एकच आणि त्याच्या उजेडात आत्याबाई पहाटेचं दळत बसलेल्या. आपल्याच पेवाला कंदील कशाला, असं म्हणून आत्याबाईंनी दिला नाही. ते हसले आणि उतरले. माणसांनी बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता. मग आत्याबाईंनी पेवाच्या तोंडावर चीप ठेवली, चिपेवर तेच जातं, आणि पुढं त्यावरून छप्पर वाढवलं. व्यापाऱ्याचं पेव ही तुम्हा पोरांना सांगायची गोष्ट. वीस वर्षं जात्यापाशी दिवा लावतात, तो आम्हाला भाबडेपणा वाटायचा. तो कंदील होता.

राहीला वाट मोकळी होताच साताऱ्याला परत धाडलं आहे. तुम्ही या. ह्यांना तिथं हात लावायचा धीर नाही.

तुमचीच,
शालूवहिनी

हरिपूर,
ता. १५ सप्टेंबर १९७४

चि. सौ. राहीस, आकारामचे आशीर्वाद. बाळाला लय लय मुके.

मी घरी पोचलो. हरिबाशेट म्हणाले, हा बी धंदा सोडलास, आता कुठं पळणार? मी म्हटलं, पळायचं संपलं. ते हसले, खरं त्यांना वाटलं न्हाई.

पाणी उतरल्यावर दादानं आन् मी सैपाकघराचं छप्पर काढलं. पहारीनं चीप हलवली आन् आठ दिवस तोंड उघडं ठेवलं. रोज कंदील सोडला. पहिल्या दिवशी हातभर गेला आन् विझला. मग दोन हात, मग पाच. आई रोज येऊन बसायची, किती खाली गेला ते विचारायची.

काल सांजच्या आदी मी तिला म्हटलं, आज तू सोड. मी मागनं दोरी धरली. कंदील गेला, गेला, तळाला टेकला आन् जळत ऱ्हायला. तळाला गाळ, बाकी काय न्हाई. आई वाकून लय वेळ बघत होती. म्हणाली, आता दिसतंय का हो तुमाला? वहिनी तोंडाला पदर लावून भायेर गेली.

मी दोरी वर वडायला गेलो तर आईनं हात धरला. न्हाई काढू दिला. म्हणाली, त्यांचाच हाय तो, मी वीस वर्षं मागं ठेवला होता. मग तसाच वर मुरूम टाकला. चार गाड्या लागल्या. टाकताना खालचा उजेड लय वेळ दिसत होता, मातीतनं बी. मग दिसायचा बंद झाला. विझताना मातूर कुणी पाहिला न्हाई.

ओटा आता त्याच कोपऱ्यावर घालतोय. रमजानचाचा परत आलाय, थापी जिथं टाकली होती तिथनंच उचलली. दुसरी गाठ तुझ्या मापानं बांधायची हाय, वहिनीच्या न्हाई, शेटच्या बायकोच्या तर न्हाईच न्हाई. म्हणून पाकिटात सुतळी घालतोय. भुईला टोक लावून उभी ऱ्हा आन् कमरेपाशी गाठ मारून धाड.

तुमी दोघं सोप्यात निजणार. झड लागंल, लागू दे. मी दाराला आडवा निजंन.

तुझाच,
आकाराम